वाढीव स्वनिधी कर्ज: कोणाला, किती आणि कधी मागावे



गेल्या काही महिन्यांत मंडळीतल्या अनेकांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. "आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या बाईला कोविडच्या काळात सरकारी कर्ज मिळाले होते, दहा हजारांचे. ते तिने फेडले. आता म्हणे जास्त मिळते. खरे आहे का?" खरे आहे. मात्र दोन-चार गोष्टी नीट समजल्याशिवाय तिला अर्ज भरायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझी सारी नोकरी बँकेत झाली. निवृत्तीनंतर बाजाराच्या दिवशी मी तळोद्याला विक्रेत्या बायकांची कागदपत्रे पाहून देते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून जीपने माल आणणाऱ्या या बायका आहेत. त्यांच्यासोबत बसून जे कळले, ते या पाठात मांडत आहे. गटात अभ्यासाला घेतलात तर कागद-पेन्सिल जवळ ठेवा, कारण मध्ये थोडा हिशेब आहे.

आधी योजनेची ओळख करून घेऊ. १ जून २०२० रोजी केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने 'पंतप्रधान स्वनिधी' ही योजना सुरू केली. टाळेबंदीत फेरीवाले, हातगाडीवाले, रस्त्याकडेला टोपली घेऊन बसणारे यांचे भांडवल अक्षरशः खाण्यात संपले होते. बाजार उघडला तरी पहाटे माल उचलायला पैसे नव्हते. अशांना तारण न घेता दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल बँकेने द्यावे, ते बारा महिन्यांच्या हप्त्यांत फेडावे, अशी ही योजना. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजातले वर्षाला सात टक्के सरकार परत देते, ते थेट खात्यात. पैसे लवकर फेडले तर दंड नाही. फोनवरून पैसे स्वीकारणाऱ्याला थोडी रक्कम बक्षीस म्हणूनही मिळते.

पहिले कर्ज फेडले की दुसरे, वीस हजारांपर्यंत. तेही फेडले की तिसरे, पन्नास हजारांपर्यंत. या पायऱ्या नंतर जोडल्या गेल्या. दुसऱ्या कर्जाची मुदत अठरा महिने आणि तिसऱ्याची छत्तीस महिने.

त्याच वर्षी छोट्या कारखानदारांसाठी आणि दुकानदारांसाठीही हमी असलेले आपत्कालीन कर्ज आले होते. त्यात २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेचे जेवढे कर्ज शिल्लक होते त्याच्या २० टक्के इतकी जादा रक्कम मिळे, आणि पुढे नियम बदलून ते प्रमाण ३० टक्क्यांवर नेले गेले. मात्र हा उपाय आधीच बँकेचे कर्ज असलेल्यांसाठी होता. जिच्या नावावर कधी बँकेचा एक रुपया नव्हता, तिच्या वीस टक्क्यांचे उत्तर शून्यच येते. म्हणून टोपलीवालीसाठी स्वनिधी हे एकच दार होते.

हे दार काही महिने बंद राहिले. कर्ज देण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. ज्यांचे दुसरे कर्ज तेव्हा फिटत आले होते, त्या बँकेत गेल्या आणि "योजना बंद झाली" हे ऐकून परत आल्या. मग २७ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची फेररचना मंजूर केली. मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. पहिले कर्ज दहाऐवजी पंधरा हजारांपर्यंत, दुसरे वीसऐवजी पंचवीस हजारांपर्यंत झाले. तिसरे पन्नास हजारांचेच राहिले. तोवर देशभरात ६८ लाखांहून जास्त विक्रेत्यांना ९६ लाखांहून अधिक कर्जे देऊन झाली होती, आणि आता आणखी ५० लाख नव्या विक्रेत्यांपर्यंत पोचायचे ठरले आहे.

अडचण अशी की योजना बंद झाल्याची बातमी बाजारात एका दिवसात पसरली, पुन्हा सुरू झाल्याची मात्र पोचलीच नाही. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या बायका अजून "ते बंद आहे ना ताई" असे म्हणतात. वाढीव रक्कम कोणाच्या खात्यात आपोआप पडत नाही. आधीचे कर्ज फेडलेल्या व्यक्तीने स्वतः पुढचा अर्ज करायचा असतो, आणि नाही केला तर बँक विचारायला येत नाही.

आता पाड्यावरच्या बाईचा प्रश्न. "ही शहरी योजना आहे, तू गावची," असे सांगून तिला परत पाठवल्याचे मी दोनदा पाहिले आहे. हे चूक आहे. मूळ नियमांतच लिहिले आहे की आसपासच्या खेड्यातून येऊन नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत विक्री करणारी व्यक्ती पात्र आहे. ती राहते कुठे याला महत्त्व नाही, विकते कुठे याला आहे. तळोदा, शहादा, नवापूर इथे नगरपरिषदा आहेत, धडगावला नगरपंचायत आहे. तिथल्या बाजारात बसणारी पाड्यावरची बाई यात येते. तिच्याकडे विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसेल तर नगरपरिषदेकडून शिफारसपत्र घ्यावे लागते. त्यासाठी साध्या कागदावर अर्ज चालतो. नगरपरिषदेने स्थानिक चौकशी करून पंधरा दिवसांत त्याचा निकाल लावायचा असतो. अर्जाची पोच घेतली नाही तर हे पंधरा दिवस कधीच सुरू होत नाहीत, हे मात्र अनुभवाने सांगते.

फेररचनेत आणखी एक भर पडली आहे. योजना आता टप्प्याटप्प्याने 'जनगणना शहरां'तही नेली जाणार आहे. म्हणजे कागदावर ग्रामपंचायत असलेले, पण वस्ती पाच हजारांच्या वर, दाट, आणि पुरुष कामकरी वर्गापैकी किमान तीन-चतुर्थांश लोक शेतीबाहेरच्या कामात असलेले गाव. नाक्यावरची, महामार्गालगतची अशी गावे आपल्या सगळ्यांच्या माहितीची आहेत. तुमचे गाव त्यात आहे का, हे पंचायत समितीत विचारता येईल.

यानंतर हमी. सरकारची हमी आहे म्हणजे फेडले नाही तरी चालेल, असा समज बाजारात फार आहे, आणि तो पसरवणारे लोक साधारणपणे अर्ज भरून देण्याचे शंभर-दोनशे घेणारे असतात. ही हमी बँकेला दिलेली आहे. २०२० मध्ये ती अशी ठरली: बँकेने त्या वर्षी या योजनेत दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी पाच बुडाले तर सगळे पाच भरून मिळतील. पाचच्या पुढे पंधरापर्यंत जे बुडेल त्यातले पाऊण मिळतील. पंधराच्या पुढचा तोटा बँकेचा स्वतःचा. न फेडणाऱ्या बाईला यात काहीच मिळत नाही. तिचे खाते थकीत दिसते, पुढची पायरी बंद होते, आणि ज्या काळात खाते थकीत आहे त्या काळातले सात टक्केही जातात. बँकेचा अधिकारी मोठ्या रकमेला का कचरतो, हेही यावरून समजते. बुडीत वाढले तर त्याला कोणी भरून देणार नाही, म्हणून तो मागचे हप्ते बारकाईने पाहतो. त्याच्यावर रागावण्यापेक्षा पासबुक स्वच्छ असणे जास्त उपयोगी पडते.

आता कागद घ्या. व्याजदर बँकेगणिक वेगळा असतो. हिशेबासाठी वर्षाला १२ टक्के धरू. पंधरा हजार बारा महिन्यांत फेडायचे तर हप्ता साधारण १,३३३ रुपये येतो. पंचवीस हजार अठरा महिन्यांत, तर १,५२५. पन्नास हजार छत्तीस महिन्यांत, तर १,६६१. कर्ज तिपटीहून जास्त झाले, पण हप्ता फक्त सव्वातीनशेने वाढला. बायकांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, आणि इथेच मी त्यांना थांबवते. हप्ता कमी वाढतो कारण वर्षे वाढतात. छत्तीस महिने म्हणजे तीन पावसाळे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्यांना पूर आला की जीप येत नाही, बाजार बुडतो, आणि हप्त्याची तारीख काही बुडत नाही. पन्नास हजारांवर तीन वर्षांत एकूण व्याज ९,८०० रुपयांच्या आसपास जाते. सात टक्के परत आले तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग सुटतो, पण तो वेळेवर फेडणाऱ्याचाच.

याच्या दुसऱ्या बाजूला खासगी सावकारी ठेवून पाहा. बाजारात सकाळी हजार घ्यायचे, संध्याकाळी अकराशे द्यायचे, ही पद्धत आजही चालू आहे. रोजचे शंभर, महिन्यात पंचवीस बाजार धरले तर अडीच हजार रुपये, आणि तेही फक्त हजार रुपयांच्या भांडवलावर. गटात हा हिशेब फळ्यावर मांडलात तर पहिल्या दहा हजारांनी काय बदलले ते कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही. ज्या दिवशी स्वतःच्या पैशाने माल उचलता आला, त्या दिवसापासून ते शंभर रुपये घरात राहू लागले.

यावरून एक कसोटी मी धरली आहे. वाढीव कर्जाने रोजच्या किंवा हंगामाच्या खरेदीत काही बदलणार असेल तर मागावे. बदलणार नसेल तर मिळते म्हणून मागू नये.

एका मावशींचे उदाहरण सांगते. धडगावकडच्या एका पाड्यावरच्या. लसूण, मिरची, हंगामात आमचूर आणि चिंच विकतात. दहा हजार घेतले, फेडले. वीस हजार घेतले, तेही २०२४ च्या शेवटी फिटले. तिसऱ्यासाठी गेल्या तेव्हा मुदत संपली होती. गेल्या ऑक्टोबरात मी त्यांना पुन्हा सुरू झाल्याचे सांगितले तेव्हा त्या मुलाला घेऊन आल्या. मुलाचे म्हणणे सरळ होते: पन्नास हजार मिळतात तर पन्नासच घ्यायचे, त्यातून मोटरसायकल होईल, आईला बाजारात सोडायला उपयोगी पडेल. मावशी गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "ताई, एवढे झेपेल का ते तुम्ही सांगा."

मी सांगितले नाही. आम्ही दोघींनी बसून लिहिले. लसणाची दोन पोती ठोक भावाने एकदम उचलली तर आठवड्याला काय वाचते. वजनकाटा जुना झाला होता, नवा घ्यायचा. सर्वांत मोठी रक्कम आमचुराची. एप्रिल ते जून या काळात पाड्यावरच्या बायका कैऱ्या कापून वाळवतात आणि हातात पैसा हवा म्हणून जो भाव मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला देऊन टाकतात. मावशींकडे रोख असेल तर शेजारणींचा माल त्या व्यापाऱ्यापेक्षा चांगल्या भावाने घेऊ शकतील आणि कोरड्या जागी ठेवून भाव चढला की विकतील. या सगळ्याची बेरीज अठ्ठावीस हजारांच्या आसपास आली. मोटरसायकल या बेरजेत बसत नव्हती. ती घरखर्चाची वस्तू, तिच्यातून हप्ता निघत नाही.

योजनेत 'पन्नास हजारांपर्यंत' असे आहे, 'पन्नास हजारच' असे नाही. मावशींनी तीस हजार मागायचे ठरवले. बारा टक्क्यांनी छत्तीस महिन्यांचा हप्ता हजाराच्या आत येतो. त्यांच्या कमाईत पावसाळ्यातले दोन वाईट महिने धरूनही तो बसत होता. सोळाशे एकसष्ट बसला नसता. मुलगा काही दिवस माझ्याकडे बघत नव्हता, ते चालायचेच. अर्ज नोव्हेंबरात गेला, रक्कम डिसेंबरात आली. लसणाची पोती आणि काटा झाले आहेत. आमचुराचे पैसे त्यांनी वेगळे ठेवले आहेत. कैऱ्या यायच्या आहेत, तेव्हा हिशेब बरोबर होता की नाही ते कळेल.

दुसरे कर्ज फेडलेल्यांना फोनवरच्या व्यवहाराला जोडलेले रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकते. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस हजारांची मर्यादा सांगितली होती. हाती तिसरे कर्ज असताना कार्डही घ्यावे का? मावशींना मी थांबायला सुचवले. क्रेडिट कार्डाचे बिल तारखेला पूर्ण भरले नाही तर व्याज भराभर चढते, आणि ते कधी चढले हे हप्त्यासारखे डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांचा अर्ज अडतो, त्यांचे काय अडते? माझ्याकडे आलेल्यांत सर्वांत नेहमीची गोष्ट फार क्षुल्लक होती. एका ताईंनी बारा हप्ते भरले आणि कर्ज संपले असे समजल्या. बँकेच्या खात्यावर मात्र एका उशिराच्या हप्त्याचे एकोणपन्नास रुपये व्याज शिल्लक होते. तेवढ्यासाठी संगणक त्यांना "कर्ज चालू आहे" असे दाखवत राहिला आणि पुढचा अर्ज दोनदा परत आला. बँकेतल्या कोणी त्यांना ते सांगितले नव्हते. म्हणून शेवटचा हप्ता भरला की त्याच आठवड्यात 'नो ड्यूज' दाखला मागून घ्यायला लावा. तो फुकट मिळतो. दुसरी अडचण आधारला जोडलेल्या फोन नंबरची. मुलीचा नंबर दिलेला असतो, मुलगी लग्न होऊन जाते, आणि ओटीपी सासरी जातो. हसू येते, पण यात अर्ज महिनाभर रखडलेला मी पाहिला आहे. अर्जाआधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्यावा. आणि ज्या खात्यातून हप्ता कापला जातो त्याच खात्यात इतर योजनांचे पैसे येत असतील, तर ते हप्त्यात जातात. बायकांना वाटते बँकेने पैसे खाल्ले. हे आधी समजावून सांगितलेले बरे.

वाचकांपैकी जे नगरपरिषदेच्या गावात राहतात, त्यांच्याकडून मला पैशाच्या मदतीपेक्षा एक दुपार हवी आहे. तुमच्या भाजीवालीला विचारा की स्वनिधीचे कर्ज घेतले होते का, फिटले का. फिटले असेल तर पासबुक, आधार, जुने शिफारसपत्र आणि 'नो ड्यूज' दाखला घेऊन तिच्यासोबत बँकेत किंवा सेवा केंद्रात जा. अर्ज करायला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागा, बहुतेक वेळा मागणारा तिथेच गप्प होतो. रक्कम किती मागायची हे तुम्ही ठरवू नका. खरेदीची यादी तिच्या तोंडून लिहून घ्या आणि बेरीज तिलाच करू द्या. ज्यांनी कधीच कर्ज घेतले नाही त्यांना आता पहिल्यांदा पंधरा हजारांपर्यंत मागता येते. त्यांनी आधी नगरपरिषदेत शिफारसपत्राचा अर्ज द्यावा, आणि पोच सांभाळून ठेवावी.

ज्या बायका गावच्या आठवडी बाजारातच विकतात, शहराच्या हद्दीत कधीच जात नाहीत, त्या आज या योजनेत बसत नाहीत. त्यांच्यासाठी बचत गट हा मार्ग आहे. गटाला तारणाशिवाय मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा २०२१ मध्ये दहा लाखांवरून वीस लाखांवर गेली आहे. तिथेही पहिल्या कर्जाच्या परतफेडीवरूनच पुढची रक्कम ठरते. गटाचे हिशेब आणि वही याविषयी पुढच्या अंकात लिहीन. ज्यांच्या गटाचा अर्ज बँकेत अडला असेल, त्यांनी बँकेने दिलेल्या उत्तराची प्रत कार्यालयात पाठवावी. तोंडी नकार मिळाला असेल तर आधी तो लेखी मागावा.